काटकसरीवरचा दंड

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या बारा महिन्यांचा घरखर्च मी दोनशे पानी वहीत पै न पै लिहून ठेवला आहे, आणि ती वही समोर घेऊन बसले की माझे डोके फिरते. २०२४ च्या मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. ऑगस्टमध्ये दुसरी मिळाली, ती निम्म्याहून थोड्याच अधिक पगाराची. डोंबिवलीतले जुने घर स्वतःचे आहे आणि त्यावर कर्ज नाही, एवढे नशीब. घरात सासूबाई, आठवीतला मुलगा आणि आम्ही दोघे. हात आखडता घ्यावा लागणार हे आम्ही मुकाट्याने मान्य केले होते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वर्तमानपत्र बंद केले, रविवारचे मटण महिन्यातून एकदा आणि तेही अर्धा किलोवर आणले, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा सोडून पंचवीस मिनिटे चालायला लागलो, आणि लसूण ४०० रुपये किलो झाला तेव्हा सासूबाईंनी फोडणीच्या पाकळ्या मोजून दिल्या. माझा संताप आहे तो याचा, की ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत त्याच्याकडूनच जागोजागी चार पैसे जास्त उकळले जातात, आणि वर त्यालाच काटकसरीचे धडे दिले जातात.

सर्वांत आधी बँक. नवऱ्याचे पगाराचे खाते होते, त्यात शून्य शिल्लक असली तरी चालत असे. सलग तीन महिने पगार जमा झाला नाही, तेव्हा बँकेने ते गुपचूप साध्या बचत खात्यात बदलले आणि साध्या खात्याची दहा हजार रुपये सरासरी शिलकीची अट त्याला लावली. म्हणजे ज्या माणसाचा पगार थांबला आहे, त्याने नेमक्या त्याच वेळी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवायचे! सूचना आली होती म्हणे. ती इंग्रजी मेसेजमध्ये आली होती, कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींचे जे रोज दहा मेसेज येतात, त्यांच्याच रांगेत. सप्टेंबरअखेरीस ५०० रुपये दंड आणि त्या दंडावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये कापले. डिसेंबरअखेरीस पुन्हा ५९०. पैसे नसल्याचा दंड घेतात हे एक वेळ समजून घेते, पण पैसे नसल्याच्या दंडावर वस्तू आणि सेवा कर कसा लागतो, यात मला कोणती वस्तू मिळाली आणि कोणती सेवा झाली, हे कोणी सांगेल का? किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेने द्यायचे असते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खिडकीवरच्या एकाही माणसाने ही गोष्ट आम्हाला आपणहून सांगितली नाही. ती मला शेजारच्या निवृत्त काकांकडून फेब्रुवारीत कळली.

दुसरा मान मोबाइलचा. महिना तीस-एकतीस दिवसांचा असतो हे मुलाला पहिलीत शिकवले होते, पण रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. वर्षाला बारा महिन्यांचा पगार आणि तेरा वेळा रिचार्ज. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपल्या पूर्वजांनी अधिक महिन्यावरून केली असेल, पण अधिक महिना निदान तीन वर्षांतून एकदा येतो. हा दरवर्षी येतो. जुलै २०२४ मध्ये दर वाढले आणि आमचा २३९ चा रिचार्ज २९९ झाला. घरात तीन फोन आहेत आणि ते चैनीचे नाहीत: नवऱ्याला मुलाखतीचे फोन यायचे, शाळेचा सगळा गृहपाठ मोबाइलवर येतो, आणि सासूबाईंच्या फोनशिवाय त्यांना दवाखान्यात एकटे सोडता येत नाही. आता हिशेब पाहा. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज तीन वेळा केला तर ८९७ रुपये होत आणि तेच चौऱ्याऐंशी दिवस एकदम घेतले तर ७९९. दर फेरीला ९८ रुपयांचा फरक, दरवाढीपासून मार्चपर्यंत तीन फेऱ्या, तीन फोन, म्हणजे ८८२ रुपये. आम्ही ते ८८२ रुपये का भरले, तर तिन्ही फोनचे मिळून जवळजवळ २,४०० रुपये एका दमात काढून द्यायची आमची ऐपत नव्हती म्हणून. ऐपत असलेल्याला सूट मिळते आणि नसलेल्याला दरवाढ.

तेलाची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. आमच्याकडे लग्नातली स्टीलची किटली आहे. एक लिटरची पिशवी तिच्यात ओतली की तेल बरोबर कंठाशी येऊन थांबते, गेली चौदा वर्षे हे माप चुकलेले नाही. गणपतीत मी १२० रुपयांना पिशवी आणली होती. दिवाळीच्या आठवड्यात तीच पिशवी १४५ ला मिळाली, ती ओतली आणि तेल कंठाच्या दोन बोटे खालीच राहिले. मी पिशवी पिळली, कात्रीने उभी कापून बोटाने निपटली, तरी ते वर येईना. मग सासूबाईंचा चष्मा लावून पिशवीवरची बारीक अक्षरे वाचली: निव्वळ वजन ८०० ग्रॅम. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे २५ रुपये वाढवले ते उघड आणि ११० ग्रॅम काढून घेतले ते झाकून. नव्या भावाने लिटरभर तेल १६५ रुपयांना पडले. दुकानदाराला विचारले तर तो हसून म्हणाला, “वहिनी, पॅकिंग नवीन आलंय.” पिशवीचा आकार तोच, चित्र तेच, सूर्यफूल उलट जरा मोठेच झालेले. कायद्याने हल्ली दर ग्रॅमचा भाव छापावा लागतो, तो छापलेला होता, पण मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, आणि तोही शिवणीवर. पंधरा किलोचा डबा घेणाऱ्या बाईला ना हे माप बघावे लागते ना हा भाव. तिला किलोमागे दहा-बारा रुपये स्वस्तच पडते. (शांपूची पुडी तेवढी याला अपवाद आहे, ती बाटलीपेक्षा स्वस्त पडते, पण पुडीत कोणी फोडणीचे तेल विकत नाही.)

यावर कोणी म्हणेल की १४ सप्टेंबरला सरकारने आयात शुल्क वाढवले, कच्च्या खाद्यतेलावरचे साडेपाच टक्क्यांचे साडेसत्तावीस टक्के झाले, ते सोयाबीनच्या शेतकऱ्यासाठी होते. शेतकऱ्याच्या पदरात पडत असेल तर पिशवीमागे पंचवीस रुपये मी खुशाल देईन, कारण माझे माहेरच लातूर जिल्ह्यातले आहे आणि भाऊ सोयाबीन पिकवतो. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. खरेदी केंद्रावर ओलाव्याचे कारण सांगून माल परत केला, आणि घरात ठेवायला जागा नाही म्हणून त्याने तो व्यापाऱ्याला ४,१०० ने घातला. भावाकडून स्वस्त घेतले आणि बहिणीला महाग विकले. मधला पैसा कुठे गेला ते ना त्याला कळले ना मला. थांबण्याची ताकद नसलेल्याने पडत्या भावात विकायचे आणि साठवण्याची ताकद नसलेल्याने चढ्या भावात घ्यायचे, असा हा एकूण बाजार आहे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण किरकोळ म्हणूनच त्या खुपतात. सिलिंडर तेव्हा ८०२ रुपये ५० पैशांचा होता. घरपोच देण्याचा खर्च त्या किमतीतच धरलेला असतो, तरी आणून देणारा माणूस दारात थांबून ३० रुपये वर मागतो, आणि नाही दिले तर पुढचा सिलिंडर ‘घर बंद होते’ असा शेरा मारून परत जातो. त्याचा पगार काय असेल हे मला कळते, म्हणून त्याच्यावर मी चिडत नाही. त्याला धड पगार न देता माझ्या दारात पाठवणाऱ्यावर चिडते. शाळेने वर्षाची ३६,००० रुपये फी जूनमध्ये एकदम भरणाऱ्यांना पाच टक्के सूट दिली; आम्ही हप्त्यांनी भरली, सूट गेली, १,८०० रुपये गेले. सोसायटीची वर्गणी तीन वेळा महिनाभर उशिरा गेली, तेव्हा उपविधीत आहे म्हणून २१ टक्के दराने व्याज लावले. ४२ रुपये, तीन वेळा. रक्कम काहीच नाही, पण फलकावर थकबाकीदारांच्या यादीत फ्लॅटचा क्रमांक लिहिला आणि सासूबाई आठ दिवस जिन्यात कोणाशी बोलल्या नाहीत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एसटी १४.९५ टक्क्यांनी वाढली आणि १ फेब्रुवारीला रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ झाले. मला एसटीत अर्धे तिकीट आहे आणि रिक्षा आम्ही सोडलेलीच होती, म्हणून त्या आठवड्यात मला चक्क जिंकल्यासारखे वाटले. मग नवऱ्याच्या चपलेचा तळ उखडला.

आणि या सगळ्यावर उपदेश! दिवाळीला नवऱ्याचे मामा आले होते. माझ्याच हातच्या चकल्या खात, त्यातले तेल कितीला पडले हे न विचारता, त्यांनी मला अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सांगितले. “सूनबाई, विम्याचा हप्ता वर्षाचा एकदम भरत जा, स्वस्त पडतो. धान्य मार्चमध्येच भरून ठेवायचं. तेलाचा डबाच घ्यायचा.” खरे आहे मामा, सगळे खरे आहे. गहू वर्षाचा भरला तर स्वस्त, विमा वर्षाचा भरला तर स्वस्त, फी, रिचार्ज, तेल, सगळेच वर्षाचे घेतले तर स्वस्त. फक्त पगार तेवढा महिन्याचा येतो आणि वीस तारखेला संपतो. मोबाइलवरही अशीच एक मुलगी मला सांगते की बाहेरची कॉफी सोडली तर वर्षात सहलीपुरते पैसे साठतात. मी बाहेर कॉफी प्यायल्याला इतकी वर्षे झाली आहेत की सोडायला आधी सुरू करावी लागेल.

३१ मार्चला रात्री मी शेवटच्या पानावर फक्त या जादा गेलेल्या पैशांची बेरीज केली: बँकेचे १,१८०, रिचार्जचे ८८२, फीचे १,८००, सिलिंडरमागे तीस प्रमाणे नऊ सिलिंडरचे २७०, सोसायटीचे १२६. एकूण ४,२५८ रुपये, आणि यात तेल धरलेले नाही. वर्तमानपत्र बंद करून वर्षात वाचले होते २,१६०. सासूबाई रोज सकाळी शब्दकोडे सोडवत असत. वर्षभर त्या जुन्या रद्दीतली सुटलेली कोडी खोडून पुन्हा सोडवत होत्या. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते हे मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केले होते, पण जाते माझेच असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

वही मिटून जेमतेम आठवडा झाला तोच ८ एप्रिलला सिलिंडर ५० रुपयांनी वाढून ८५२.५० झाला, आणि त्याच सुमारास बँकेने मार्चअखेरचे तिसरे ५९० कापले. मी नवऱ्याची सही घेतली, मूलभूत बचत खात्यात बदल करून द्यावा असा मराठीत अर्ज लिहिला आणि शाखेत गेले. असे खाते आमच्याकडे नसते, असे आधी सांगण्यात आले. नियम वाचून दाखवल्यावर असते असे कळले, पण अर्ज खातेदारानेच येऊन द्यावा लागतो. नवऱ्याने अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून दुसऱ्या दिवशी अर्ज नेला. पोच मागितली तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला की शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब आता सोमवारीच येतील. सोमवारी पोच घ्यायला मी जाणार आहे, चालत.