आदाम नसन त तारण कायचं?

रविवारी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर दादाचा ऑडिओ आला. सात मिनिटांचा. पुतणी चंद्रपूरला सीबीएसईत दहावीला आहे. तिच्या पुस्तकात उत्क्रांती नाही, हे दादाला आत्ता कळलं होतं. 2023 मध्ये एनसीईआरटीने ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती काढली, नुसती आनुवंशिकता ठेवली. दादा खूश. “आदाम नसन त पाप आलं कुठून? अन् पापच नसन त ख्रिस्त कायले मेला? डार्विन मानला का तारण खतम. जय ख्रिस्त!” आमच्याकडे तारण म्हणजे पापातून सुटका, आणि पाप आलं ते बायबलमधल्या पहिल्या माणसाकडून, आदामाकडून.

फावडं तिथंच टाकलं आणि उभ्या उभ्या उत्तर लिहायला घेतलं.

चीड याची, की हा माणूस हिस्लॉप कॉलेजचा बी.ए. आहे. ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावाचं ते कॉलेज, तो स्कॉटिश मिशनरी नागपुरात शुभवर्तमान सांगायचा आणि त्याच पायांनी खडक, जीवाश्म शोधत हिंडायचा. 1863 साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून गेला. जीवाश्मांपायी त्याचं तारण अडलं असेल असं मला तरी वाटत नाही. आणि आमचं गाव वरोरा तालुक्यातलं, पिसदुरा हाकेच्या अंतरावर. तिथल्या वावरातला तो तपकिरी, वेटोळ्याचा दगड पहिल्यांदा माझ्या हातात ठेवला तो दादानंच. “हे शेन हाये, पन दगडाचं.” साडेसहा कोटी वर्षांहून जुनं शेण! तेव्हा त्याला आदामाची काळजी नव्हती.

मी लिहिलं, इकडे अमेरिकेत असलं चालत नाही. सरकारी शाळेत उत्पत्तीची गोष्ट विज्ञान म्हणून शिकवायला सुप्रीम कोर्टानं 1987 लाच बंदी केली. कॅथलिकांचे पोप जॉन पॉल दुसरे 1996 मध्ये म्हणाले की उत्क्रांती ही नुसतं गृहीतक राहिलेली नाही.

“आपन पोपचे कधीपासून झालो बे?” दादा.

जे लिहिलं नाही ते हे: घरापासून पाऊण तासावर, केंटकीत, बायबलमधल्या नोहाचं म्हणून बांधलेलं 510 फूट लांब लाकडी तारू उभं आहे. आत पिंजऱ्यांत डायनोसोर, आणि पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं. आमच्या चर्चची पोरं बस भरून जातात. मीही गेलोय, तिकीट काढून, बायकोपोरांसकट. मनात हसलो, पण बुधवारच्या बायबल स्टडीत त्यावर अवाक्षर काढलं नाही. तिथे दर वर्षी कुणीतरी नवं माणूस फार प्रेमानं विचारतं, तुम्ही प्रभूकडे कधी आलात? आमचा पणजोबा 1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढला. चौथी पिढी माझी. मी “लहानपणीच” म्हणतो आणि बटाट्याच्या सॅलडकडे वळतो.

संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज खाली होता.

“तुले वाटते मले दगड समजत नाही? आज्याच्या बापाले मिशनच्या साहेबानं सांगतलं, पाटील अन् तू एकाच आदामाची लेकरं. म्हनून तो विहिरीले शिवला. तुह्या डार्विननं कोनाले पानी पाजलं?”

उत्तर होतं माझ्याकडे. विज्ञानही हेच म्हणतं, दादा. पाटलाची आणि आपली मुळं आफ्रिकेतच, तीन लाख वर्षांपूर्वीची. पण गावच्या विहिरीवर जनुकं तपासून कोणी बादली सोडत नव्हतं. आणि डार्विनचं पुस्तक 1859 चं, म्हणजे पणजोबाच्या वेळी ते जगात होतंच. गावात पोचला तो आदाम.

मी काही बोललो नाही. मग त्यानंच विचारलं, “तिकडं चर्चात तुले कोन्या बाकावर बसवतेत?”

“बाकं नाहीत दादा,” मी म्हणालो, “खुर्च्या आहेत.”