बेजबाबदार सिनेमा आणि आमच्या हॉलमधला कूलर

परवाच्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये पाच जणांनी मिळून एक सिनेमा पाहिला आणि त्यावरून जी जुंपली ती व्हॉट्सअ‍ॅपवर अजून चालू आहे. तिथे टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच काय ते इथे लिहितो. लांब आहे. घाईत असाल तर पुढे सरका, राग नाही.

सिनेमा 'द लिव्हिंग एंड'. 1992 सालचा, दिग्दर्शक ग्रेग अराकी. दोन तरुण, दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह. एक सिनेमावर लेख लिहिणारा, पापभिरू. दुसरा घरदार नसलेला, देखणा, खिशात पिस्तूल. या दुसऱ्याच्या हातून पोलीस मरतो आणि दोघं गाडी काढून सुटतात. प्रेम, पळापळ, मोटेलं, शेवटी समुद्र. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

बघायला कोण होतं, तर मी, माझी भाची (प्रोजेक्टर तिचा), वरच्या मजल्यावरचे काका, म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, माझा शाळेपासूनचा मित्र आणि त्याचा धाकटा भाऊ. हा भाऊ झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. मे महिना म्हणजे त्याचा सीझन संपलेला, म्हणून घरी सापडला. भिंतीवर चादर लावली. बाहेर रात्री आठलाही झळा, त्यामुळे कूलर फुल्ल.

पहिली तक्रार दहाव्या मिनिटाला आली. मित्र म्हणाला, "काय बे हे, गॅदरिंगचं शूटिंग वाटून राह्यलं. आवाज तं येऊनच नाही राह्यला." त्याचं अर्धं बरोबर होतं. उरलेला अर्धा दोष आमच्या कूलरच्या पंपाचा. पण सिनेमा कच्चा आहे हे मी कशाला नाकारू? 16 मिलिमीटरची फिल्म, वीस-बावीस हजार डॉलरचा खर्च, म्हणजे तेव्हाच्या भावानं सहा लाख रुपयांच्या आसपास. कॅमेरा दिग्दर्शकानं स्वतः धरलेला, पटकथा त्याची, एडिटिंग त्याचंच. काही ठिकाणी नट संवाद म्हणत नाहीत, वाचतात.

यावर मी काही बोलायच्या आत ऑर्गनवाला भाऊ बोलला, आणि मला वाटतं त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं मत त्याचंच होतं. तो म्हणाला, "दादा, आमच्या वडशाच्या कंपन्यांचं नाटक रात्री दहाला सुरू होते, पहाटे संपते. रंगवलेला पडदा हालते, त्याच्यातला राजवाडा हालते, माईक मधातच शिट्टी मारते. शंकरपटाले, म्हणजे बैलांच्या शर्यतीले, आलेले लोकं थंडीत घोंगडं घेऊन बसतेत अन् रडतेत. तिथं कोणी म्हणत नाही का राजवाडा कापडाचा आहे." झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्यासारख्यांनी झाडीपट्टीचं तोंड भरून कौतुक केलं होतं. तिथला कापडी राजवाडा आपल्याला चालतो, त्याला आपण मातीचा सुगंध म्हणतो. दोन पुरुषांच्या प्रेमाला मात्र लायटिंग चांगलं लागतं. सुंदर फ्रेम, मागे पियानो, खिडकीतून येणारा प्रकाश असला की मगच ते सोसतं. हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

आता काका. सत्तरीचे आहेत, सज्जन आहेत. माझं काय ते त्यांना माहीत आहे, कारण 2016 साली नागपुरात समलिंगी लोकांची पहिली प्राइड यात्रा निघाली तेव्हा एका पेपरातल्या फोटोत माझा अर्धा चेहरा आला होता आणि तो पेपर त्यांच्याकडेच येतो. तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संत्रा बर्फी घेऊन आले आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलत बसले. तर असे काका म्हणाले, "अरे, पण तुमच्या लोकांना खुनी कशाला दाखवायचं? आधीच गैरसमज कमी आहेत का? समाजात काय संदेश जाईल?"

गंमत अशी की हेच वाक्य मी आमच्या चळवळीतल्या मित्रांकडूनही ऐकलं आहे. आपली बाजू मांडणारा सिनेमा हवा, सभ्य हवा, आईवडिलांना दाखवता आला पाहिजे. मला त्यांचा मुद्दा कळतो. तसे सिनेमे व्हायलाच हवेत आणि आपल्या मराठीत झालेही. 'साबर बोंडं'ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा मी एकटाच घरात टाळ्या वाजवत होतो. पण एकट्या सभ्य सिनेमावर किती दिवस काढायचे? मारामारीच्या सिनेमातला हिरो तीन तासांत चाळीस माणसं उडवतो, तेव्हा काका, तुम्ही म्हणता का की पुरुषजातीबद्दल काय संदेश गेला? आम्ही पडद्यावर एक तर टिंगलीला, नाही तर मरायला. अराकीनं सुरुवातीच्या पाट्यांतच लिहून टाकलं आहे, 'एक बेजबाबदार सिनेमा'. माणसानं दारावरच पाटी लावली आहे. आत शिरून जबाबदारीची चौकशी कशाला करायची?

काकांचा दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटला, कारण तो वाईट हेतूनं आलेला नव्हता. ते म्हणाले, "एचआयव्ही झाला तर एवढं आकाश कोसळल्यासारखं काय? रोज गोळी घ्यायची. आमच्या नात्यातला एक जण वीस वर्षं घेतोय, ठणठणीत आहे."

काका, तेव्हा ती गोळी नव्हती. म्हणजे एझेडटी नावाचं औषध होतं, पण एकट्याच्या जिवावर ते फार दिवस तग धरायचं नाही. तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत 1996 च्या सुमाराला आली आणि माणसं जगायला लागली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ही औषधं फुकट मिळू लागली ती एप्रिल 2004 पासून, आणि पहिल्या सहा राज्यांत आपला महाराष्ट्र होता. तुमच्या त्या नातेवाइकाचा हिशेब बरोबर तिथेच जाऊन बसतो. 1992 मधला रिपोर्ट म्हणजे तारीख न टाकलेला फाशीचा हुकूम. ज्याला आपण उरलोच नाही हे कळलंय, त्यानं पोलिसाच्या गोळीला का भ्यावं? सिनेमाचा सगळा आचरटपणा या एका गोष्टीवर उभा आहे. ती काढून घेतली तर दोन मवाली उरतात, आणि तुम्हाला नेमके तेच दिसले.

भाचीचं मत वेगळंच. ती बावीस वर्षांची, तिच्या पिढीची भाषा वेगळी. "मामा, तो पिस्तूलवाला सरळ सरळ टॉक्सिक आहे. पहिल्याच भेटीत पळायला पाहिजे होतं." शेवटच्या प्रसंगावर तर ती भडकलीच. किनाऱ्यावर एक जण स्वतःच्या तोंडात पिस्तूल धरून दुसऱ्यावर जबरदस्ती करतो, चाप ओढतो, पण गोळी नसते. मग दोघं तिथेच बसून राहतात. (शेवट सांगितला म्हणून ओरडू नका. तीस वर्षं उलटून गेली.) ती म्हणाली, याला प्रेम म्हणायचं असेल तर मला नको. तिनं आणखी एक पकडलं, जे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. या सिनेमात बायका एक तर माथेफिरू आहेत, नाही तर फोनपाशी वाट बघत बसलेल्या. ज्या दोन समलिंगी बायका येतात त्या तर निव्वळ कार्टून. बेजबाबदारपणाची मजा पुरुषांना, बायकांना फोन उचलायचं काम. इथे मी निरुत्तर झालो. अजूनही आहे. हा सिनेमा थोर आहे असं माझं म्हणणं नाहीच.

मग मला तो का आवडतो? आता जे लिहितो आहे ते त्या रात्री बोललो नाही.

2003 चा हिवाळा. आपल्याच शहरातली एक बाग. माझ्याबरोबर एक जण होता, आमची तिसरी भेट. हात हातात, यापलीकडे काही नाही. स्कूटरवरून दोघं आले, एकाची पँट खाकी. नाव, पत्ता, ऑफिस विचारलं. "तीनशे सत्त्याहत्तर माहीत आहे ना? जन्मठेप असते. घरी फोन लावू?" घड्याळ गेलं, पाकिटातले अठराशे रुपये गेले. ते खरे पोलीस होते की नाही, आजही सांगता येणार नाही. तक्रार कुठे करणार? कलम 377 प्रमाणे समलिंगी संबंध हाच गुन्हा, म्हणजे कायद्यानं गुन्हेगार मीच होतो. 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टानं सोडवलं, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा आत घातलं, आणि 6 सप्टेंबर 2018 ला शेवटचं सोडलं. तोवर माझं निम्मं डोकं पांढरं झालं होतं.

तो तिसऱ्या भेटीवाला पुन्हा कधी दिसला नाही. पुढे 2011 मध्ये दिग्दर्शक ओनीरचा 'आय अ‍ॅम' हा सिनेमा पाहिला. तोही लोकांकडून वर्गणी गोळा करून केलेला. त्यातल्या एका गोष्टीत असाच पोलीस येतो, असाच लुटतो, आणि मग कळतं की बरोबरचा मुलगा त्याला सामील होता. थिएटरात माझ्या पोटात गोळा आला. आठ वर्षं मी त्या माणसाची काळजी करत होतो, की तो घरी नीट पोचला असेल का. त्या दिवसापासून काळजी आणि संशय दोन्ही करतो. आडनाव माहीत नाही, नाही तर इथे फेसबुकवरच शोधला असता.

तर आपल्या मित्रमंडळींत जेव्हा कोणी म्हणतं, 'लव्हस्टोरी बरी होती, त्यात क्राइम उगाच घुसडलाय', तेव्हा मला काय उत्तर द्यावं सुचत नाही. पडद्यावरचा तो पोलीस पडला तेव्हा काका 'अरेरे' म्हणाले. मला बरं वाटलं. खून वाईट हे मला कळतं, मी मुंगीसुद्धा बाजूला करून चालतो. पण बरं वाटलं, हे खरं. शेजारी माझा मित्र बसला होता, आवाज येत नाही म्हणून कुरकुरणारा. तेवढ्या वेळात त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. त्याचं 2003 काय आहे, मी कधी विचारलेलं नाही.

काका ही पोस्ट वाचतील. वाचू देत.

रविवारी सकाळी अंबाझरी तलावावर फिरताना काका भेटलेच. मला वाटलं आता संदेशाचा दुसरा अध्याय सुरू होणार. तर म्हणाले, "अरे, एवढे दिवस हिंडले, पेट्रोलला पैसे कुठून आणत होते?" क्रेडिट कार्डावर भागवत होते, असं मी सांगितलं. "मग ते बिल कोण भरणार?" बँकेत जन्म गेलेला माणूस, त्याला खुनापेक्षा थकबाकी जास्त लागली. तर्री पोहे खाईपर्यंत आम्ही त्या दोघांच्या क्रेडिट लिमिटवर बोललो.

पुढच्या शनिवारी दुसरा सिनेमा आहे. कोणता ते ठरलं नाही, भाचीनं बायकांचा आणायचं कबूल केलंय. आवाजाची तक्रार होती म्हणून ग्रुपवर विचारलं, या वेळी कूलर बंद ठेवायचा का? इतका वेळ एकमेकांवर तुटून पडलेले चौघंही एका सुरात नाही म्हणाले.