ताई, फॉर्म परत घेऊ नकोस

दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या ताईला परवा काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज पाठवला. गेले आठ दिवस तो वडोदऱ्यात फिरतोय. म्हणे, ‘एक्सचेंजवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात, आलेली परदेशी पोरं दिव्यांग मुलांच्या हक्कांचं पाश्चात्त्य खूळ आपल्याकडे पसरवत आहेत. कायद्याप्रमाणे अशा मुलांची जागा स्पेशल शाळेतच असते, साधी शाळा त्यांना नाकारू शकते. शेजारी बसणारी मुलंही हळूहळू तशीच होतात.’ भाचा सहा वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. रात्री ताईचा फोन आला, “शाळेत दिलेला फॉर्म परत घेऊ का रे?”

नाही! कायदा नेमका उलटा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा, आणि त्याचं कलम ३१ सरळ आहे: चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि दोन्हींतली कुठली हे त्याच्या पसंतीनं ठरतं. पसंती त्याची, मुख्याध्यापकांची नाही. स्पेशल शाळा वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही मुलांना तिथंच बरं वाटतं. पण तिथं ढकलण्याचा अधिकार कुणाला नाही. कलम १६ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरण्याजोगी करायची, मुलाला लागेल तो आधार द्यायचा. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. काकांनी मेसेज पुढे ढकलण्याआधी हे एकदा तरी वाचायचं होतं.

‘पाश्चात्त्य खूळ’ म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी मंजूर केला. अमेरिकेच्या सिनेटनं तो अजून मंजूर केलेला नाही. आणि ज्या बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तिथल्या माणसांना मुलाचा शाळेवरचा हक्क परदेशी वाटावा?

शेजारी बसून कुणाला सेरेब्रल पाल्सी होत नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झाली की ती होते. यावर आणखी काय बोलायचं!

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. दोन-तीन आठवड्यांसाठी येऊन, आईबापांना न विचारता मुलांबरोबर फोटो काढून जाणारे पाहुणे मीही पाहिलेत. मुलांना त्यांचा लळा लागतो, आणि मग ते दिसत नाहीत. हे थांबायलाच हवं. पण मागच्या हिवाळ्यात मी जिथं मदतीला जातो त्या शाळेत एक्सचेंजवर दोन मुली आल्या होत्या. इथल्या कॉलेजच्या पोरींना बरोबर घेऊन त्यांनी टेप लावून रॅम्प मोजला. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, तो सहा फुटांतच संपत होता. मग व्हीलचेअरवरच्या मुलालाच विचारलं, तुला काय अडतं? तो म्हणाला, पाण्याचा नळ उंच आहे. आम्ही रोज तिथं असून हे कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी मी ताईबरोबर शाळेत जातोय. दोन्ही कलमांची छापील पानं बरोबर आहेत. नकार दिला तर लेखी मागणार, आणि तो कागद घेऊन राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करणार.