स्नेलला लॉटरी लागली नव्हती

रोम ऑलिंपिकमधल्या (१९६०) ८०० मीटर शर्यतीची एक गोष्ट सगळीकडे फिरत असते. न्यूझीलंडचा कुणाच्या खिजगणतीत नसलेला पीटर स्नेल धावला, जागतिक विक्रम नावावर असलेला बेल्जियमचा रॉजर मून्स ऐन शेवटी भलत्याच बाजूला वळून बघत राहिला आणि एकविसाव्या वर्षी पोराला सुवर्णपदकाची लॉटरी लागली.

अनोळखी होता, हे खरं. रोमला जाण्याआधीची त्याची सर्वोत्तम वेळ होती १ मिनिट ४९.२ सेकंद. या वेळेवर कोण पैज लावणार?

मून्सने उजवीकडे पाहिलं आणि स्नेल डावीकडून, आतल्या बाजूने घुसला, हेही खरंच. पण मून्सची मान वळली म्हणून स्नेलचे पाय काही वेगात पळाले नाहीत. त्याची वेळ होती १:४६.३, म्हणजे आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जवळजवळ तीन सेकंद कमी. मून्स ०.२ सेकंदाने मागे राहिला.

‘लॉटरी’वाले एक गोष्ट मात्र हमखास गाळतात. अंतिम शर्यतीआधी तीन फेऱ्या होत्या, म्हणजे तीन दिवसांत चार शर्यती. तेवढं धावून शेवटच्या शंभर मीटरसाठी पायात जोर उरला, तो ऑकलंडच्या डोंगरांमुळे. पूर्वी बुटांच्या कारखान्यात काम केलेले त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटरवाल्यालाही आठवड्याला १६० किलोमीटर पळवत. रविवारी तर वाइटाकेरेच्या चढउतारांवर सलग ३५ किलोमीटर! दोन मिनिटांच्या शर्यतीसाठी हा काय वेडेपणा, असं तेव्हा अनेकांना वाटे. (मला आजही पहिल्यांदा ऐकताना तसंच वाटलं असतं.) पण लिडियार्डचा हिशेब सरळ होता: वेग पोराकडे आहेच, तो शेवटपर्यंत टिकवायला दमसास हवा. त्याच दिवशी, स्नेलनंतर थोड्याच वेळात, लिडियार्डच्याच तालमीतल्या मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. एकाच माणसाच्या दोन शिष्यांना एकाच दुपारी लॉटरी?

बरं, रोमचं सोडा. जानेवारी १९६२ मध्ये वांगानुईच्या गवती ट्रॅकवर स्नेलने एक मैल ३:५४.४ मध्ये धावून जागतिक विक्रम मोडला. आठवड्याभरात क्राइस्टचर्चला, पुन्हा गवतावरच, ८०० मीटर १:४४.३ मध्ये. तोही जागतिक विक्रम, आणि आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल १.४ सेकंदांनी सरस.

तो आधीचा विक्रम मून्सचा होता. या वेळी मागे वळून बघायला तो तिथे नव्हताही.