वैताग खरा, उपाय भलताच

"कॉम्प्युटर सारखं विचारतोय, आर यू शुअर? ही सहा सेटिंग्ज बदला आणि मशीन पळवा. कंपनी तुम्हाला हे कधीच सांगणार नाही!" असा, परवानगी विचारणाऱ्या सगळ्या खिडक्या बंद करायला सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपातून त्या ग्रुपात फिरतोय. एरवी मी असल्या गोष्टींकडे ढुंकूनही बघत नाही. पण हा आमच्या दाजींपर्यंत पोचला. त्यांनी तो नुसता वाचला नाही, दुकानातल्या दोन्ही मशीनवर अमलात आणला आणि वर माझ्या आईला पाठवून 'आई, तुम्हीपण मोबाईलवर करून घ्या' असं लिहिलं. दाजींचं दुकान झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं. अख्ख्या गावाचे पेन ड्राइव्ह त्या मशीनला लागतात. सातबारे, आधार, दाखले तिथेच उघडतात. दाजींना तोंडावर बोलणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मुद्दा पहिला: 'या परवानगीच्या खिडक्यांमुळे मशीन स्लो होतं.' होत नाही. ती खिडकी तुमच्या उत्तराची वाट बघत बसते, बाकी काही करत नाही. मशीन स्लो आहे ते जुन्या हार्ड डिस्कमुळे, चार जीबी रॅममुळे आणि चालू होतानाच उठून बसणाऱ्या डझनभर प्रोग्राममुळे. एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) बसवा. पुढे.

दुसरा मुद्दा मेसेजवाल्याला फार आवडलेला दिसतो, कारण तो ठळक अक्षरांत आहे: 'मायक्रोसॉफ्टच्या माणसानेच कबूल केलंय की ही खिडकी लोकांना त्रास द्यायलाच बनवली.' गंमत म्हणजे हे अर्धं खरं आहे. एप्रिल २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आरएसए या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस खरंच तशा अर्थाचं बोलले होते. वाद 'यूएसी'चा (यूजर अकाउंट कंट्रोल) होता, म्हणजे विंडोज व्हिस्टापासून आलेल्या त्या 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?' खिडकीचा. मेसेजमध्ये नसलेला भाग असा: त्याआधीच्या विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच अ‍ॅडमिन (मशीनचे पूर्ण हक्क असलेला मालक) म्हणून मशीन वापरायचे, त्यामुळे प्रोग्राम लिहिणारेही बिनधास्त सिस्टीमच्या फोल्डरमध्ये हात घालायचे. साधं कॅलेंडर असलं तरी त्याला मालकी हक्क पाहिजे! गिऱ्हाईक वैतागलं की ते प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालेल आणि ती कंपनी प्रोग्राम सुधारेल, असा तो हिशेब होता.

आणि हिशेब बराचसा जमला. विंडोज ७ तयार होत असताना, ऑक्टोबर २००८मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी यूएसीवर एक मोठा लेख जाहीर केला होता. त्यातला आकडा: अशी खिडकी उघडायला लावणाऱ्या वेगवेगळ्या प्रोग्राम आणि कामांची संख्या एका वर्षात ७,७५,३१२ वरून १,६८,१४९ वर आली. म्हणजे आज आपल्याला ही खिडकी दिवसातून एखाद्या वेळीच दिसते, ती त्या वैतागाचीच कृपा. मेसेजवाल्याने वाक्याचं शेपूट कापलं आणि उरलेलं धड फिरवलं.

तिसरा मुद्दा: 'सगळे डोळे झाकून येसच दाबतात, मग विचारून उपयोग काय?' इथे मला नाइलाजाने मान डोलवावी लागते. त्याच लेखात लिहिलंय की व्हिस्टाचे वापरकर्ते सुमारे ९० टक्के वेळा येस दाबत होते, आणि एकूण खिडक्यांपैकी जवळपास ४० टक्के तर खुद्द विंडोजच्याच होत्या. सारखं विचारलं की माणूस वाचणं सोडतो, बोट आपोआप चालतं. म्हणूनच २००९च्या विंडोज ७मध्ये चार पायऱ्यांचा स्लायडर आला आणि विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जसाठी विचारणं कमी झालं. तेव्हा 'हे कोणी सांगणार नाही' वगैरे सोडा. बंद करायची सोय कंपनीने स्वतःच कंट्रोल पॅनलमध्ये ठेवली आहे.

पण खिडक्या फार आहेत म्हणून त्या कमी करायच्या, की विचारणंच बंद करायचं? दाजींना विचारलं, नेमकी कुठली खिडकी छळते? तर एकच. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर, एक्सपीच्या जमान्यातलं, उघडताना दरवेळी परवानगी मागतं. एवढ्यासाठी त्यांनी स्लायडर तळाला, 'नेव्हर नोटिफाय'वर नेला. विंडोजच्याच टास्क शेड्युलरमध्ये त्या एकाच प्रोग्रामसाठी 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची खूण करून डेस्कटॉपवर शॉर्टकट काढला की तो निमूट उघडतो आणि बाकीच्यांची चौकशी चालू राहते. दहा मिनिटांचं काम आहे. बेडूक ओरडतो म्हणून विहीर बुजवायची नसते.

स्लायडर तळाला गेला की अ‍ॅडमिन खात्यातून काहीही चालू होऊन हक्क मागू दे, विंडोज न विचारता देऊन टाकतं. दाजींच्या दुकानात हे 'काहीही' कुठून येतं ते मी बघितलंय. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह उघडला की आत 'फोटो' नावाचं पिवळं फोल्डर दिसतं, त्याच्या कोपऱ्यात बारीकसा बाण. ते फोल्डर नसतंच. तो शॉर्टकट असतो. खरे फोटो लपवलेले असतात, आणि त्यावर डबल क्लिक केलं की आधी भलतंच काही चालू होतं. कबूल, अशा सगळ्या किडी मालकी हक्क मागत नाहीत, काही तुमच्याच खात्यात बसून काम उरकतात. यूएसी म्हणजे अँटिव्हायरस नव्हे. पण सिस्टीममध्ये मुळं रोवायला निघालेल्याला तो हक्क लागतो, आणि तेव्हा स्क्रीन काळवंडून ती खिडकी येते. मागचं सगळं झाकोळतं ते उगाच नाही: त्या वेळी दुसरा कुठलाही प्रोग्राम तुमच्या वतीने येसवर क्लिक करू शकत नाही. फोटो बघायला गेलो आणि मशीन मालकी हक्क मागतंय, हे खटकायला एवढंसं निमित्त पुरतं.

चौथा मुद्दा, एक्सेलमध्ये 'एनेबल ऑल मॅक्रोज' करून तो इशाऱ्याचा पिवळा पट्टा घालवा. मॅक्रो म्हणजे फाइलीतच ठेवलेला छोटा प्रोग्राम. नको. १९९९चा मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता, आणि २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातूनच अडवायला सुरुवात केली. पगारपत्रकाची स्वतःची मॅक्रोवाली फाइल असेल तर तेवढं फोल्डर 'ट्रस्टेड लोकेशन'मध्ये घाला, संपलं.

पाचवा मुद्दा डिलीटचा, आणि इथे मेसेजवाला बरोबर आहे. 'ही फाइल रिसायकल बिनमध्ये टाकायची का?' हे विचारणं फुकटचं आहे, कारण चुकलं तर बिनमधून परत काढता येते. खुद्द विंडोजने २०१२च्या आठव्या आवृत्तीपासून ते विचारणं आपणहून बंद केलंय. पण मेसेजवाला तिथे थांबत नाही, त्याच्या पुढचा 'डोन्ट मूव्ह फाइल्स टू रिसायकल बिन'चा ठिपकाही भरायला सांगतो! म्हणजे विचारणंही गेलं आणि परतीची वाटही. पेन ड्राइव्हवरून उडवलेलं तर एरवीही बिनमध्ये जात नाही. जे मागे घेता येतं त्याबद्दल विचारू नका, हे मला शंभर टक्के मान्य. यूपीआय लाइट तेच करतं: पिन विचारत नाही, पण एका वेळी १,००० रुपयांच्या आत, आणि लाइटच्या पाकिटात मुळात ५,०००पेक्षा जास्त ठेवताच येत नाहीत. बुडालेच तर किती, हे आधीच ठरलेलं.

आता सहावा, ज्यासाठी मी खरा चिडलोय. 'मोबाईलमध्ये इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स चालू करा, प्ले प्रोटेक्ट (गुगलचा अ‍ॅप तपासणारा पहारेकरी) बंद करा, म्हणजे सारखं "हानिकारक अ‍ॅप" असं येणार नाही.'

वरच्या बऱ्याच खिडक्या तुम्ही करत असलेल्या कामाबद्दल विचारतात. ही खिडकी दुसऱ्याबद्दल विचारते: कोणीतरी तुमच्या फोनमध्ये घुसू बघतोय, येऊ देऊ का? लग्नपत्रिका, ई-चलन, बँकेचं केवायसी अशी नावं लावलेल्या एपीके (म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवायच्या) फाइली व्हॉट्सअ‍ॅपवरून किती फिरतात, ते रोज पेपरात येतंय. बोट लावलं की पत्रिका उघडत नाही, अ‍ॅप बसायला निघतं. तिथे फोन सांगतो की व्हॉट्सअ‍ॅपला अ‍ॅप बसवायची परवानगी नाही. ही परवानगी आधीच देऊन ठेवली असेल तर एक अडसर गेला. प्ले प्रोटेक्ट बंद असेल तर दुसरा. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे. सगळा धंदा त्या दोन खिडक्यांवर अडलेला असतो. म्हणून तर ठग फोनवर गोड बोलून आधी त्याच बंद करायला लावतात. गुगललाही हे कळलंय: कॉल चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंदच करता येऊ नये, अशी व्यवस्था २०२५मध्ये जाहीर झाली. ठगाला जे काम कॉलवर तासभर घालून करावं लागतं, ते हा मेसेज फुकटात करून ठेवतो.

'फोन माझा, मर्जी माझी' हा मेसेजचा शेवटचा बाण. मर्जी तुमचीच, म्हणून तर फोन तुम्हाला विचारतो. त्याने विचारू नये असं ठरवलं की मर्जी फाइल पाठवणाऱ्याची चालते.

आईने सुदैवाने काही केलं नव्हतं, तिला सेटिंग्ज सापडलीच नाहीत. तुमच्या घरी कोणी केलं असेल तर आज रात्रीच फोन हातात घ्या. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर बोट लावा, प्ले प्रोटेक्ट, मग कोपऱ्यातलं दातेरी चाक, आणि स्कॅनिंग चालू. नंतर सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' शोधा. यादीत व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर जे जे चालू दिसेल ते बंद करा. दरम्यान एखादी एपीके बसलीच असेल तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड अडवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सकाळची वाट बघू नका.