पॉइसन मॉडेल आणि ‘ओव्हरडिस्पर्शनने फरक पडत नाही’ हा दावा

संख्याशास्त्र शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: माहिती मोजणीची (घटना किती वेळा घडली याची) असली की पॉइसन मॉडेल, म्हणजे सरासरी आणि व्हेरियन्स (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) सारखे धरणारे मॉडेल, बसवावे, व्हेरियन्स सरासरीपेक्षा जास्त निघाला, म्हणजेच ओव्हरडिस्पर्शन असले, तरी गुणक (प्रत्येक घटकाचा परिणाम दाखवणारे आकडे) बदलत नाहीत, म्हणून त्याची काळजी करू नये, आणि शून्ये फार दिसली तर झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल (काही जणांत घटना घडूच शकत नाही असे धरून शून्यांचा वेगळा हिशेब ठेवणारे) घ्यावे. ही तिन्ही विधाने जशी सांगितली जातात तशी टिकत नाहीत.

पहिल्या विधानासाठी दाखला दिला जातो तो प्रशियन सैन्यात घोड्याच्या लाथेने दगावलेल्या सैनिकांचा. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिविच यांनी १८९८ साली मांडलेल्या या आकड्यांत दहा लष्करी कोअरच्या वीस वर्षांची सरासरी (दर कोअरमागे दर वर्षी) ०.६१ आणि व्हेरियन्सही ०.६१ येतो. मात्र मूळ तक्त्यात चौदा कोअर होत्या, आणि रचनेने वेगळ्या असलेल्या चार बाजूला काढल्यावर उरल्या त्या या दहा. चौदाही धरल्या तर सरासरी ०.७० आणि व्हेरियन्स ०.७६ होतो. पॉइसनला हवा असलेला सारखेपणा येथे निवडीतून आलेला आहे. तो मोजणीचा अंगभूत गुण नव्हे.

दुसऱ्या विधानात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे: सरासरीचे समीकरण बरोबर मांडले असेल, तर वितरण पॉइसन नसले तरी नमुना वाढत जाईल तसे गुणक खऱ्या मूल्याकडेच जातात. परंतु स्टँडर्ड एरर (गुणकाच्या अंदाजातील अनिश्चितता) काढताना नेहमीचे पॉइसन मॉडेल व्हेरियन्स सरासरीइतकाच आहे असे धरून चालते. तो प्रत्यक्षात चौपट असेल तर स्टँडर्ड एरर निम्मा दाखवला जातो, आणि पाच टक्के पातळीची, म्हणजे शंभरांत पाचदाच चुकायला हवी अशी, चाचणी काहीही परिणाम नसताना जवळजवळ दर तीन वेळांतून एकदा ‘परिणाम आहे’ असे सांगते. औषध, अपघात किंवा साथीच्या अभ्यासात ही चूक क्षुल्लक मानता येत नाही. पॉइसन सोडायचे नसेल तर निदान क्वासी-पॉइसन (व्हेरियन्सचे प्रमाण माहितीवरूनच ठरवणारे) किंवा रोबस्ट स्टँडर्ड एरर (व्हेरियन्सबद्दलचे गृहीतक चुकले तरी टिकणारा) वापरावा.

तिसऱ्या विधानासाठी संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड (‘मेजर’ हे त्यांचे नावच, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेला तक्ता समोर ठेवावा. स्फोटक तोफगोळ्यांच्या कामावरील ६४७ स्त्रियांपैकी पाच आठवड्यांत ४४७ जणींना एकही अपघात झाला नाही. १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच किंवा अधिक अपघात झाले. सरासरी ०.४७, व्हेरियन्स सुमारे ०.६९. पॉइसनप्रमाणे शून्ये ४०६ यायला हवीत, म्हणजे ४१ जास्त आहेत. सल्ला मानला तर येथे झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल घ्यावे लागेल आणि त्याबरोबर, अपघात होणेच अशक्य असलेल्या स्त्रियांचा एक गट त्या कामावर होता, हेही गृहीत धरावे लागेल. तोफगोळे हाताळणाऱ्यांबाबत हे पटण्यासारखे नाही. त्याऐवजी प्रत्येकीचा अपघाताचा दर थोडा वेगळा आहे आणि हे दर गॅमा वितरणाने (धन संख्यांच्या एका लवचीक वितरणाने) पसरलेले आहेत एवढेच मानले, तर निगेटिव्ह बायनॉमियल वितरण मिळते. त्यातून शून्ये सुमारे ४४३, एक अपघातवाल्या १३८ आणि दोनवाल्या ४४ निघतात. शून्यांसाठी वेगळी यंत्रणा लागलीच नाही. मासेमारीच्या नोंदीत गळच न टाकलेले लोक मिसळले असतील, तर तेथे मात्र झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल योग्य ठरते.

हे वितरण चांगले जुळले म्हणून काही स्त्रिया मुळातच अपघातप्रवण होत्या, असेही सिद्ध होत नाही. सगळ्या जणी सुरुवातीला सारख्याच असल्या आणि प्रत्येक अपघातानंतर पुढच्याची शक्यता दर वेळी सारख्याच मात्रेने वाढत गेली, तरी हेच वितरण तयार होते. कारखान्याच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे, कारण पहिल्या स्थितीत काही जणींना दुसरे काम द्यावे लागेल आणि दुसऱ्या स्थितीत अपघात झालेल्या प्रत्येकीला सावरायला वेळ द्यावा लागेल. पण ४४७, १३२, ४२ अशा एका ओळीवरून दोन्हींपैकी काय खरे, हे कोणतेही मॉडेल ठरवू शकत नाही.