जातोच आहेस तर...

चार दिवसांची रजा घेऊन मी नाशिकला ताईकडे आलो होतो आणि त्यातला बुधवार काहीही न करण्यासाठी राखून ठेवला होता. लोळत पडायचं असं नव्हे. पाथर्डी फाट्यावरच्या तिच्या गॅलरीतून त्रिरश्मीचा, म्हणजे पांडवलेण्यांचा, डोंगर समोर दिसतो. सकाळी पायी तिकडं जायचं, लेण्यांच्या अंगानं रमतगमत हिंडायचं, पाय दुखले की बसायचं, संध्याकाळी गोदावरीच्या काठानं अजून थोडं. डोंबिवलीत मी रोज चालतो, पण ते लोकलच्या वेळापत्रकानं. मला एकदा बिनकामाचं चालायचं होतं.

मंगळवारी रात्री जेवताना मी हे बोलून दाखवलं. चूक तिथंच झाली.

"सहज म्हणजे?" ताईनं विचारलं.

"सहज म्हणजे सहज. फिरायला."

"एकटाच?" तिनं दाजींकडे पाहिलं. आमच्या घरात माणूस विनाकारण चालायला निघाला की एक तर त्याचं ऑफिसात काहीतरी बिनसलेलं असतं, नाही तर डॉक्टरांनी साखर सांगितलेली असते. मी दोन्ही नाही म्हटल्यावर तिची काळजी वाढली. मग तिनं त्यावर उपाय काढला. "बरं, जातोच आहेस तर..."

'हे काम कर' म्हटलं तर माणसाला नाही म्हणता येतं. 'जातोच आहेस तर'ला नाही म्हणायची सोय नसते, कारण जायचं आपणच ठरवलेलं असतं. समोरच्यानं फक्त आपले रिकामे हात पाहिलेले असतात.

सकाळपर्यंत माझे हात भरले. एक, दळण, गिरणी कोपऱ्यावरच आहे. दोन, दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून घटासाठी पाच झाडांच्या डहाळ्या, "डोंगरावर काय, झाडंच झाडं". तीन, आनंदवल्लीला राहणाऱ्या दाजींच्या काकूंचा स्टीलचा डबा, जो दिवाळीपासून परत द्यायचा राहिला होता. रिकामा डबा परत देत नाहीत, त्यामुळे त्यात अकरा डिंकाचे लाडू. आणि चार, खुद्द दाजी. "यांनाही ने. रिटायर झाल्यापासून घरात बसून ठेवींचे व्याजदर बघत असतात."

दाजी बँकेत होते. डबा पाहून ते म्हणाले, "मेव्हणे, एवढा डबा घेऊन चालणार कसं? गाडी काढतो." अशा रीतीनं माझ्या पायी फिरण्याची सुरुवात स्कूटरवर झाली. नाशिकची डिसेंबरातली थंडी, दाजींची कानटोपी, आणि माझ्या मांडीवर बर्फासारखा गार डबा.

पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहेत. तिथून लेण्यांपर्यंत पंधरा-वीस मिनिटांच्या पायऱ्या. चढण सोपी आहे. अवघड होता तो डबा. खाली उतरणारा प्रत्येक जण आधी डब्याकडे, मग आमच्याकडे बघत होता. एक आजोबा थांबलेच. "देवाला का?" मी म्हटलं, "नाही, सहज." ते डब्याकडे पाहत म्हणाले, "असं असं," आणि पुढं जाऊन वळून पाहिलं.

वर रखवालदारानं अडवलं.

"डब्यात काय?"

"लाडू."

"वर खायचं नाही काही."

"खायचे नाहीत, द्यायचेत."

"वर कोणाला द्यायचेत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाजींनी "आनंदवल्लीला" असं खरं ते सांगितलं, आणि आनंदवल्लीला जाणारे लाडू पांडवलेण्यांवर काय करतायत, हे त्यानं आमच्याकडून दोनदा समजून घेतलं.

पांडवलेणी म्हणतात खरं, पण पांडवांचा इथं काही संबंध नाही. चोवीस बौद्ध लेणी, वय दोन हजार वर्षांच्या आसपास. माझा बेत होता की अठराव्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, गार दगडाला पाठ टेकून बसायचं आणि कशाचाही विचार करायचा नाही. पण वाटेत दहावं लेणं लागतं. तिथं दाजी थांबले, ते थांबलेच.

दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. उषवदात म्हणजे त्या काळच्या क्षत्रप राजाचा, नहपानाचा, जावई. त्यानं भिंतीवर स्वतःबद्दल कोरून ठेवलंय की आपण तीन लाख गाई दान दिल्या. आमच्या जावयांनी एका वर्षी हापूसची पेटी आणली होती, तीही अजून निघते बोलण्यात. पण तिच्यासाठी भिंत लागली नव्हती. नहपानाच्या लेकीनंही, दक्षमित्रेनं, याच लेण्यात एक खोली दान दिली. लेखात तिला 'ओवरक' म्हटलंय, म्हणजे आपली ओवरीच.

दाजींना गाईंशी कर्तव्य नव्हतं. त्यांना दुसरा लेख सापडला होता, म्हणजे त्याचा अर्थ त्यांनी घरून पाठ करून आणला होता. उषवदातानं भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक टक्क्यानं. हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्यानं.

"म्हणजे सालाना बारा आणि नऊ!" दाजींचा आवाज लेण्यात घुमला. "आज देतं का कोणी? आणि पुढं ऐका. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा किती?"

"दोनशे चाळीस," मी म्हटलं.

"दोन हजारांचं बारा टक्क्यांनी व्याज?"

"दोनशे चाळीस."

"ताळा जमतो!" कानटोपी काढून त्यांनी घाम पुसला. थंडी होती, तरी. "दगडात कोरलेला ताळेबंद, आणि पैची चूक नाही. याला म्हणतात अक्षयनीवी. मुद्दल परत द्यायचंच नाही, नुसतं व्याज खायचं."

तेवढ्यात मागून शाळेची सहल येऊन उभी राहिली होती. सहलीच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही गाइड का?" दाजी म्हणाले, "नाही, बँकेत होतो." बाईंनी क्षणभर विचार केला. "थांबलाच आहात तर मुलांना सांगा ना थोडं."

थोडं म्हणजे पाऊण तास. एका पोरानं विचारलं, "सर, मधेच ठेव मोडता येते का?" तेव्हा दाजींच्या डोळ्यांत जे आलं, ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. मी डबा सांभाळत ओट्यावर बसून राहिलो. मधेच उठून तिसरं लेणं पाहून आलो. तिथं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे: माझा मुलगा गौतमीपुत्र असा, तसा, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. क्षहरात म्हणजे नहपानाचंच घराणं. इकडं जावयाचे हिशोब, तिकडं त्याच्या सासरचा निकाल लावणाऱ्याचं त्याच्या आईनं केलेलं कौतुक, आणि मधे जेमतेम सहा दारं. सोसायटीत एकाच मजल्यावर राहताना काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे मी दोन्हीकडे डबा घेऊन गप्प उभा राहिलो.

चैत्यगृहात मी मोजून तीन मिनिटं बसलो. मग डहाळ्यांची आठवण झाली. बाहेर येऊन एका झाडाकडे नुसता हात नेला, तर मघाचाच रखवालदार. "झाडाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "सहज बघत होतो." दिवसभरात 'सहज' हा शब्द मी पहिल्यांदाच खोटा वापरला, आणि पहिल्यांदाच समोरच्यानं त्यावर विश्वास ठेवला.

खाली उतरून मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पापड होता, डोळ्यांतून पाणी आलं. यापलीकडे त्याबद्दल नाशिकच्या माणसाशी बोलू नये, प्रत्येकाची मिसळ ठरलेली असते.

आनंदवल्लीला काकूंनी दार उघडलं. "आलाच आहात तर जेवूनच जा." मिसळ झालीय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मिसळ म्हणजे काय जेवण?" पिठलं, भाकरी, ठेचा. त्यानंतर मी पायी फिरण्याच्या अवस्थेत राहिलो नव्हतो, पण एक बरं झालं: काकूंच्या अंगणात आंबा, पेरू, चिकू, जांभूळ आणि रामफळ, अशा मोजून पाच डहाळ्या निघाल्या.

उन्हं उतरल्यावर नवश्या गणपतीला हात जोडून आम्ही सोमेश्वरकडे चालायला लागलो. पाणी कमी झालं होतं, काठाच्या खडकांवर बगळे उभे होते. दाजीही गप्प होते. बहुधा मनात चक्रवाढ लावून बघत असावेत. पायाखाली वाळलेली पानं वाजत होती. याच्यासाठीच तर मी आलो होतो. तेवढ्यात मोटारसायकलवरचा एक पोरगा शेजारी येऊन थांबला. माझ्या एका हातात डहाळ्या, दुसऱ्यात पिशवी. "काय काका, गाडी बंद पडली का? कुठं सोडू?"

"नको रे, सहज चालतोय."

त्याला ते पटलं नाही. "अहो बसा ना, मी चाललोच आहे."

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. डहाळ्या बघून ताई खूश झाली. दळण गिरणीतच राहिलं होतं, त्यावर ती नंतर बोलणार होती. मग तिनं पिशवीत हात घातला आणि डबा बाहेर काढला. तोच डबा.

"अरे, हा त्यांचाच डबा ना? द्यायला दिला होता, परत कसा आणलास?"

"त्यांनी लाडू काढून घेतले, डबा धुतला आणि त्यात घारगे भरून दिले. रिकाम्या हातानं कसं पाठवू, म्हणाल्या."

ताई खुर्चीत बसली. दाजींनी डबा उघडून एक घारगा उचलला आणि उरलेले मोजले. "अकरा गेले होते, पंधरा आलेत. मुद्दल जागच्या जागी," ते घास घेत म्हणाले. "अक्षयनीवी."

"ते राहू द्या," ताई माझ्याकडे वळली. "तू शनिवारी स्टेशनवर जातोच आहेस तर..."

"ताई, स्टेशन नाशिकरोडला. आनंदवल्ली बरोबर उलट्या दिशेला."

"हो, माहितीय मला," ती म्हणाली आणि घारगे संपल्यावर डब्यात काय भरायचं ते बघायला आत गेली.